अरना-झरना : झाडूंच्या दालनातून उलगडणारे थरचे वाळवंट

जोधपूर शहरापासून पंधरा-वीस किलोमीटरवर, मोकलावास गावाजवळच्या खडकाळ माळावर ‘अरना-झरना’ नावाचे एक संग्रहालय आहे. राजस्थानच्या सहलीला निघणाऱ्या मराठी कुटुंबांच्या कार्यक्रमपत्रिकेत त्याचे नाव क्वचितच आढळते. तीत जोधपूरचा मेहरानगड किल्ला असतो, जैसलमेरचा सोनेरी किल्ला असतो, जैसलमेरजवळच्या सम येथील वाळूच्या टेकड्यांवरची उंटसवारी आणि तंबूतला मुक्काम असतो. ही ठिकाणे पाहण्याजोगी आहेत, याबद्दल माझे दुमत नाही. परंतु वाळवंटात माणूस काय खातो, पाणी कोठून मिळवतो, गाणे कोणाच्या दारात गातो, हे ज्याला जाणून घ्यायचे असेल त्याने एखादी हवेली वगळावी आणि अर्धा दिवस या संग्रहालयाला द्यावा, असे मी आग्रहाने सुचवेन.

संग्रहालयाची मूळ कल्पना लोकसंस्कृतीचे अभ्यासक कोमल कोठारी (१९२९–२००४) यांची. त्यांनी कथाकार विजयदान देथा यांच्यासह १९६० मध्ये जोधपूर जिल्ह्यातील बोरुंदा या गावी ‘रूपायन संस्थान’ स्थापन केले. देथांनी गावोगावच्या कथा ऐकून त्या राजस्थानीत लिहिल्या. कोठारींनी ध्वनिमुद्रक घेऊन लंगा, मांगणियार आणि इतर गायक समाजांची गाणी, वंशावळी व लोकमहाकाव्ये मुद्रित केली. हे मुद्रण हजारो तासांचे आहे. अशा माणसाने उतारवयात संग्रहालय उभारायचे ठरवले, तेव्हा त्याची सुरुवात सारंगीने किंवा कठपुतळीने होईल, असे कोणालाही वाटले असते. कोठारींनी निवडला तो झाडू.

झाडूंचे दालन हाच या संग्रहालयाचा गाभा आहे आणि येथे घाई करू नये. राजस्थानच्या निरनिराळ्या भागांतून आणलेले दीडशेहून अधिक झाडू येथे पाहायला मिळतात. पहिल्या दृष्टिक्षेपात ते सारखेच वाटतात. मग प्रत्येक झाडू कशाचा बांधला आहे, हे पाहू लागले की प्रदेशाचा नकाशा आपोआप समोर येतो. पश्चिमेच्या रेताड भागात ‘सिणिया’ नावाचे झुडूप उगवते. त्याच्या काटक्यांचा झाडू होतो, त्याच्याच काटक्यांनी झोपड्या शाकारतात आणि त्याच्याच तंतूंचे दोर वळतात. जेथे मुंज गवत वाढते तेथे झाडूही मुंजेचा असतो. शिंदीच्या जातीची खजुराची झाडे जेथे आहेत तेथे पात्यांचे मऊ, दाट झाडू बांधले जातात, आणि दक्षिणेकडच्या डोंगराळ पट्ट्यात बांबूच्या कामट्यांचे लांब, राठ झाडू दिसू लागतात. हाताशी जी वनस्पती असेल तिच्यातून माणसाने काय काय निर्माण केले, याचा हा लेखाजोखा आहे, आणि तो राजवाड्यातल्या शस्त्रागारापेक्षा मला कितीतरी अधिक बोलका वाटला.

या झाडूंना घरातल्या आणि घराबाहेरच्या अशा दोन जगांत विभागलेले आहे. घरातला झाडू स्त्रीरूप. तो लक्ष्मीचा मानला जातो, त्याला पाय लावायचा नाही, तो पाहुण्यांच्या नजरेस पडू द्यायचा नाही. अंगण, खळे, गोठा आणि रस्ता झाडणारा झाडू पुरुषरूप, आणि त्याला तो मान नाही. मराठी वाचकाला येथे काही समजावून सांगावे लागत नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी हळदकुंकू वाहिलेली शिंदीची केरसुणी आणि गोठ्याच्या कोपऱ्यात उभा असलेला खराटा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. पण ज्या वस्तूची पूजा होते ती बांधणाऱ्यांच्या वाट्याला मात्र मान आला नाही, ही गोष्ट आपण सहसा एवढी समोरासमोर पाहत नाही. बागरिया, बनजारा यांसारख्या ज्या समाजांचा झाडूशी संबंध आहे त्यांचे जगणे या दालनाच्या मांडणीतून वगळलेले नाही, आणि झाडू विकत घेणारा, बांधणारा व त्याने दुसऱ्याची घाण काढणारा यांच्यात जातीची जी भिंत आहे तिचा विचार पाहणाऱ्याच्या मनात येथे येतोच. महाराष्ट्रातही केरसुण्या बांधणाऱ्या मातंग समाजाची कथा याहून वेगळी नाही. माझ्या मते लोकजीवन दाखवणाऱ्या कोणत्याही संग्रहालयाची ही पहिली कसोटी असली पाहिजे : वस्तूचे सौंदर्य दाखवताना ती करणारे हात झाकले जातात की नाही.

पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय ज्यांनी मनापासून पाहिले आहे, त्यांना अरना-झरनाचे वेगळेपण लगेच जाणवेल. केळकरांनी दिवे, अडकित्ते, वज्र्या, भांडी अशा रोजच्या वापरातल्या वस्तू जमवल्या, परंतु त्यांची नजर कलावंताची होती. नक्षी असलेला, घडणीत काही विशेष असलेला नमुना त्यांनी उचलला. कोठारींनी मुद्दाम अशी वस्तू घेतली जिच्यावर नक्षी नाही, जी झिजली की फेकून देतात आणि जिची नोंद कोणत्याही दरबाराने ठेवलेली नाही. दोन्ही दृष्टी मोलाच्या आहेत. मला व्यक्तिशः दुसरी अधिक धाडसाची वाटते, कारण तेथे वस्तू डोळ्यांना भुरळ घालत नाही आणि पाहणाऱ्याला स्वतः विचार करावा लागतो.

कोठारींचा आणखी एक विचार समजून घेतल्याशिवाय हे संग्रहालय नीट कळत नाही. राजस्थानचे भाग पाडताना त्यांनी मारवाड, मेवाड, ढूंढाड ही संस्थानी नावे बाजूला ठेवली आणि प्रदेशाकडे धान्यावरून पाहिले : पश्चिमेचा बाजरीचा पट्टा, त्याच्या पुढचा ज्वारीचा आणि दक्षिणेच्या डोंगराळ भागातला मक्याचा. धान्य बदलले की भाकरी बदलते, गुरांचा चारा बदलतो, छपरावर घालायचे गवत बदलते, झाडू बदलतो. लोकदैवतेही आणि त्यांची रात्रभर गायली जाणारी महाकाव्येही बदलतात. ज्याने अहमदनगर-बीडची बाजरी, सोलापूरची ज्वारी आणि कोकणातला भात असे तीन संसार पाहिले आहेत, त्याला हा विचार पटायला वेळ लागत नाही. उलट आपल्याकडे असा नकाशा घेऊन कोणी संग्रहालय का मांडले नाही, अशी हुरहुर लागते.

येथील मातीची भांडी पाहताना वाळवंटातल्या पाण्याची गोष्ट माहीत असेल तर त्यांचा अर्थ अधिक खुलतो. थरमधले लोक पाण्याचे तीन प्रकार मानतात. पावसाचे थेट साठवलेले पाणी ते ‘पालर’, खोल भूगर्भातले, बहुधा खारट असलेले पाणी ते ‘पाताल’, आणि वाळूत मुरलेले पण खालच्या जिप्समच्या थरामुळे खाऱ्या पाण्याला न मिळालेले, वाळूच्या कणांत ओलाव्याच्या रूपाने टिकून राहिलेले ते ‘रेजाणी’. हे तिसरे पाणी मिळवण्यासाठी ‘कुंई’ नावाच्या अरुंद, खोल विहिरी खणतात. ओलावा थेंबाथेंबाने झिरपून तळाशी जमतो आणि दिवसाकाठी थोडेसेच गोडे पाणी हाती लागते. जैसलमेरकडे वर्षभरात दोनशे मिलिमीटरही पाऊस धड पडत नाही आणि तरीही थरची गणना जगातल्या दाट वस्तीच्या वाळवंटांत होते, यामागे ही पिढ्यानपिढ्यांची समज आहे. एवढे मनात ठेवून साधा मडक्याचा गळा पाहिला, तर तो इतका निमुळता का, हे वेगळे विचारावे लागत नाही.

वाद्यांचा संग्रह त्या मानाने लहान, पण पाहण्यासारखा आहे. मांगणियारांचा कमायचा आवर्जून पाहावा : आंब्याच्या लाकडाचा मोठा गोल पोकळ भाग, त्यावर ताणलेले शेळीचे कातडे, आतड्याच्या मुख्य तारा आणि गजाने काढला जाणारा खर्जातला, किंचित खरखरीत सूर. लंगा गायकांची सिंधी सारंगी त्याहून सडपातळ आणि टोकदार आवाजाची. लंगा आणि मांगणियार हे दोन्ही समाज मुस्लिम. लंगांचे पारंपरिक जजमान, म्हणजे त्यांना आश्रय देणारे यजमान, सिंधी सिपाही मुसलमान, तर मांगणियारांचे प्रामुख्याने राजपूत व इतर हिंदू कुटुंबे. जजमानाच्या घरी मूल जन्मले की मांगणियार ‘हालरिया’ गातो, लग्नात त्याच्या पूर्वजांचे गुणगान करतो, देवीची व कृष्णाची गाणी गातो, आणि हे नाते बापाकडून मुलाकडे वारशाने चालत येते. आपल्या गोंधळ्यांचे आणि वासुदेवांचे यजमानांशी असलेले नाते आता बरेच विरले आहे. येथे ते निदान काही खेड्यांत अजून टिकून आहे.

याच ठिकाणी वाळवंटी तंबूंमधल्या ‘सांस्कृतिक संध्याकाळी’विषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. सम परिसरातल्या एका तंबूनिवासात मी जो कार्यक्रम पाहिला, त्यात उत्तम तयारीचा एक मांगणियार गायक होता. परंतु त्याला एक पद पुरते गाऊ न देता ध्वनिवर्धकावर चित्रपटातली गाणी लावण्यात आली आणि पाहुणे नाचू लागले. त्यात गायकाचा दोष नाही आणि पाहुण्यांचाही फारसा नाही, कारण त्यांना दुसरे काही मागता येते हेच कोणी सांगितलेले नसते. मागता मात्र येते. आपल्या गटासाठी ध्वनिवर्धकाविना, तासभर, केवळ पारंपरिक गाणी ऐकवावीत असे आधी ठरवून घेतले आणि बिदागी थेट कलावंतांच्या हाती दिली, तर त्याच माणसांकडून अगदी वेगळे गाणे ऐकायला मिळते. अरना-झरना आधी पाहिले असेल तर काय मागावे, हेही ठाऊक असते. म्हणून सहलीत जोधपूर जैसलमेरच्या आधी ठेवावे.

संग्रहालयाची जागाही त्याच्या आशयाला साजेशी आहे. जुन्या दगडखाणींनी ओरबाडलेल्या जमिनीवर स्थानिक झाडेझुडपे पुन्हा वाढवून, गावातल्या घरांच्या धर्तीवर दालने बांधली आहेत, आणि आवारात फिरताना आत झाडूत पाहिलेली वनस्पती बाहेर जिवंत उभी दिसते. खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला आपण तिची पूजा करतो, पण तिच्या शेंगांची भाजी होते हे येथे येईपर्यंत अनेकांना माहीत नसते. वाळवलेली सांगरी, म्हणजे याच शेंगा, आणि ‘केर’ नावाच्या काटेरी झुडपाची वाळवलेली फळे वर्षानुवर्षे टिकतात, म्हणून दुष्काळाच्या या प्रदेशात ती घराघरांत साठवलेली असतात. विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे इसवी सन १८९९–१९०० चा ‘छप्पनिया’ दुष्काळ तेथील बोलण्यात अजून जिवंत आहे. जोधपूरला परतल्यावर बाजरीचा ‘सोगरा’ आणि केर-सांगरी मागवावी. सोगरा आपल्या भाकरीपेक्षा जाड असतो आणि तुपाशिवाय खाण्यात अर्थ नाही.

हे ठिकाण सर्वांना आवडेल असे मात्र मी म्हणणार नाही. भव्य दालने, काचेच्या कपाटांतले दागिने आणि छायाचित्रांसाठी सजवलेले कोपरे यांची अपेक्षा असेल तर निराशा होईल. अगदी लहान मुले तासाभरात कंटाळतील. पाचवी-सहावीच्या पुढच्या मुलांना मात्र बरोबर कोणी सांगणारे असेल तर पुष्कळ काही मिळेल. माहिती देणाऱ्या व्यक्तीसह पाहणे आणि एकट्याने पाहणे यांत येथे फार मोठा फरक पडतो, म्हणून निघण्यापूर्वी संपर्क साधून वेळ ठरवावी आणि सांगणाऱ्याची सोय होईल का ते विचारावे. शहरातून रिक्षा किंवा गाडी जाण्या-येण्यासाठी ठरवूनच निघावे. परतीचे वाहन तेथे मिळेल या भरवशावर राहू नये.

मुंबईहून वांद्रे टर्मिनसवरून सुटणारी सूर्यनगरी एक्सप्रेस थेट जोधपूरला नेते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा, तरीही ज्यांना उकाडा सोसतो त्यांनी पाऊस झाल्यावर ऑगस्टमध्ये यावे, कारण नावातला झरा तेव्हाच वाहतो आणि माळ हिरवा होतो. शरद पौर्णिमेच्या सुमारास मेहरानगडावर २००७ पासून भरणारा लोकसंगीत महोत्सव साधता आला, तर येथे पाहिलेली वाद्ये त्याच मुक्कामात ऐकता येतील. आणखी एक सकाळ हाताशी असेल तर ती किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या राव जोधा वाळवंटी शिला उद्यानाला द्यावी. सत्तरएक हेक्टरांच्या त्या खडकाळ जागेतली परदेशी वेडी बाभूळ, ‘खंडवालिया’ म्हणजे परंपरेने दगड फोडणाऱ्या कारागिरांच्या मदतीने मुळापासून काढून तेथे थरमधल्या मूळ वनस्पती लावल्या आहेत, आणि झाडूंच्या दालनात वाळलेल्या काड्यांच्या रूपात पाहिलेले सिणिया तेथे फुलोऱ्यासह पाहायला मिळू शकते.