खोल समुद्रात डबा कशाचा न्यायचा: स्टेनलेस, ॲल्युमिनियम की टायटॅनियम?

सेन्सर वर्षभर समुद्राच्या तळाशी ठेवायचा असला, की त्याच्या डब्यासाठी बहुतेकांचा हात आधी ३१६ या प्रकारच्या स्टेनलेस स्टीलकडे जातो. घरातली भांडी गंजत नाहीत, मग हे कसं गंजेल? मला मात्र तिघांत हाच धातू धोक्याचा वाटतो.

स्टेनलेसला राखतो तो क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर, आणि तो टिकायला ऑक्सिजन लागतो. ओ-रिंगच्या (झाकण घट्ट बसवणाऱ्या रबरी कड्याच्या) खाचेत किंवा बोल्टच्या डोक्याखाली पाणी अडकतं, तिथला ऑक्सिजन संपतो, क्लोराइड साठतं, पाणी आम्लधर्मी होतं. थर फुटला की धातू पोखरला जातो. बाहेरून डबा लखलखीतच दिसतो; आत पाणी शिरतं तेव्हाच कळतं. चार दिवसांची मोहीम आणि वर काढल्यावर लगेच गोड्या पाण्याने धुणं, एवढ्यापुरतं ३१६ चालेल.

६०६१ या प्रकारचं ॲल्युमिनियम हलकं, स्वस्त, लेथवर सहज कापलं जाणारं. निदान ते खराब होतंय हे डोळ्यांना दिसतं. त्याला जपायचं ते शेजाऱ्यापासून: स्टेनलेसचे स्क्रू थेट लावले तर ॲल्युमिनियमच झिजतं. म्हणून मध्ये प्लॅस्टिकचे वॉशर, ग्रीस आणि ॲल्युमिनियमच्या आधी झिजायला जस्ताचा तुकडा, म्हणजे ॲनोड, हवाच. ॲनोडायझिंगवर (विजेने चढवलेल्या ऑक्साइडच्या थरावर) ओरखडा पडला, की खड्डा तिथूनच सुरू होतो. खाली पाणी थंड आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ‘टायटॅनिक’ सुमारे ३,८०० मीटरवर, जेमतेम एक-दोन अंशांच्या पाण्यात पडली आहे. तरी जिवाणू तिचं पोलाद खात आहेत आणि गंजाचे सुळके लोंबताहेत.

टायटॅनियमला त्या थंड पाण्यात, फटीतसुद्धा, जवळपास काही होत नाही. ६,००० मीटरवर दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ६०० किलोंचा दाब असतो. भारताच्या ‘मत्स्य ६०००’ या पाणबुडीचा माणसं बसण्याचा गोल त्याच खोलीसाठी टायटॅनियमच्या मिश्रधातूचा आखला आहे. वजन स्टीलच्या निम्म्याहून थोडंच जास्त. पण किंमत खूप, यंत्रकाम संथ, स्क्रूचे आटे एकमेकांत रुतून बसतात. शिवाय त्याला ॲल्युमिनियमची पट्टी जोडलीत, तर पट्टी जाईल.

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी, काहीशे मीटर आणि काही आठवडे, तर ॲल्युमिनियम घ्या. वर्षभर, हजारो मीटर खाली ठेवायचं असेल तर टायटॅनियमच. तेवढा पैसा नसेल, तर ३१६कडे वळण्याऐवजी मुदत कमी करा आणि ॲल्युमिनियमचा डबा मधूनमधून वर काढून ॲनोड बदला.