ब्रिटनमधला पहिला कार विमा: ब्लॅक बॉक्सवाल्या पॉलिसीचे अकरा महिने

पुढच्या महिन्यात माझ्या ब्लॅक बॉक्सवाल्या (म्हणजे गाडी कशी चालवतो ते मोजणारी डबी बसवून घेतलेल्या) पॉलिसीचं रिन्यूअल आहे, म्हणून वर्षभराचा हिशोब आठवतोय तोवर लिहून ठेवतो. भारतातून नव्याने इकडे येणाऱ्या प्रत्येकाला पहिला कोट (कंपनीने सांगितलेला विम्याचा दर) बघून धक्का बसतो. मलाही बसला होता, आणि तेव्हा नीट समजावून सांगणारं कुणी भेटलं नाही.

आम्ही सप्टेंबरमध्ये लीड्सला आलो. दोन महिने बसने काढले. थंडी वाढली तसं मुलाला घेऊन स्टॉपवर उभं राहणं जमेना. मग चार हजार पौंडांच्या आसपास एक जुनी १.६ लिटरची गाडी बघितली आणि घेण्याआधी सहज विम्याचे दर काढले. सगळ्यात स्वस्त कोट २,१८० पौंडांचा होता. वरचे काही चार हजारांच्या पुढे होते, म्हणजे गाडीपेक्षा विमा महाग. भारतात सतरा वर्षं गाडी चालवली, एकदाही क्लेम केला नाही, ५० टक्के नो क्लेम बोनस जमलेला. फॉर्ममध्ये ते सांगायला जागाच नव्हती, कारण प्रश्न असा होता: 'यूकेमध्ये मिळवलेली नो क्लेमची वर्षं किती?' उत्तर शून्य.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला मला बराच वेळ लागला. भारतात आपण गाडीचा विमा उतरवतो. थर्ड पार्टीचा दर इंजिनच्या सीसीनुसार सरकार ठरवतं, बाकीचा हिशोब मुख्यतः गाडीच्या आयडीव्हीवर, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या तिच्या किमतीवर चालतो. इथे सगळा हिशोब चालवणाऱ्या माणसाचा. वय, नोकरी, पोस्टकोड, रात्री गाडी कुठे उभी असते, वर्षाला किती मैल होणार, लायसन्स कुठलं आणि किती वर्षांचं, हे सगळं विचारतात. (स्त्री-पुरुष असा फरक मात्र करता येत नाही, डिसेंबर २०१२ पासून ते बंद आहे.) इथल्या ड्रायव्हरची जुनी अपघात-क्लेमची नोंद कंपन्यांना क्लेम्स अँड अंडररायटिंग एक्स्चेंज नावाच्या सामाईक डेटाबेसमध्ये दिसते. आपली दिसत नाही. शिवाय कुणाला इजा झाली तर थर्ड पार्टी भरपाईला इथे वरची मर्यादा नाही. त्यामुळे ज्याची काहीच माहिती नाही त्याच्याकडून जास्त पैसे घ्यायचे, एवढं साधं गणित. आपण वाईट ड्रायव्हर आहोत असं त्यांचं म्हणणं नसतं, आपण अनोळखी असतो. हे कळल्यावर माझा राग बराच निवळला आणि मी नीट कामाला लागलो.

सगळ्यात जास्त फरक गाडी बदलल्याने पडला. इथे जुन्या गाड्यांच्या मॉडेलला १ ते ५० असा इन्शुरन्स ग्रुप दिलेला असतो. ती १.६ ची गाडी सोडून खालच्या ग्रुपमधली १.२ लिटरची हॅचबॅक टाकली, तर कोट १,६४० वर आला. गाडी पसंत करून मग विमा शोधायचा ही आपली सवय इथे महागात पडते. आधी रजिस्ट्रेशन नंबर टाकून कोट बघा, मग गाडीवाल्याशी बोला. दुसरं, मी पॉलिसी तीन दिवसांनी सुरू करायची म्हणून टाकली होती. तीच तारीख तीन आठवडे पुढे नेली तर १,४८० झाले. शेवटच्या क्षणी येणाऱ्याला महाग पडतं.

पैसे वाचवायला फक्त थर्ड पार्टी घ्यावं असं मलाही वाटलं. काढून बघितलं तर ते १,७१० निघालं, म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्हपेक्षाही महाग. जास्त जोखमीचे ड्रायव्हर तोच पर्याय घेतात म्हणून त्याचा दर चढलेला असतो. तिन्ही प्रकारांचे (फक्त थर्ड पार्टी, थर्ड पार्टी अधिक आग-चोरी, कॉम्प्रिहेन्सिव्ह) कोट काढल्याशिवाय काही गृहीत धरू नका.

भारतातल्या कंपनीकडून नो क्लेम बोनसचं इंग्रजी पत्र मी निघण्याआधीच घेतलं होतं. पॉलिसी नंबर, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, क्लेम शून्य, लेटरहेड आणि सही. तुलना करणाऱ्या साइट्सवर त्याचा काही उपयोग होत नाही. पण फोनवर बोलणारे ब्रोकर असतात आणि त्यांच्या काही कंपन्या बाहेरच्या देशाचं पत्र धरतात. मी सात ठिकाणी फोन केले. पाच जणांनी सरळ नाही म्हटलं, एकाने दोन दिवसांनी नाही कळवलं. सातव्याने पत्र मागवून घेतलं आणि सतरा वर्षांची दोन वर्षं धरून १,३६५ चा कोट दिला. दोन तर दोन, पण कुणीतरी ते पत्र वाचलं याचंच त्या दिवशी मला बरं वाटलं.

त्याच आठवड्यात ब्लॅक बॉक्सवाली पॉलिसी १,१२० ला मिळाली. त्यात भारताचं काहीच धरलं नव्हतं, पण गाडी कशी चालवतो ते यंत्र बघणार होतं. २४५ पौंडांचा फरक तेव्हा आम्हाला मोठा होता, म्हणून ती घेतली. या १,१२० मध्ये १२० पौंड नुसता टॅक्स आहे. इन्शुरन्स प्रीमियम टॅक्स १२ टक्के असतो आणि तो दाखवलेल्या किमतीत धरलेलाच असतो. हप्त्याने भरलं असतं तर आधी १६८ आणि मग ९७ चे अकरा हप्ते, म्हणजे १,२३५ झाले असते. कशीबशी रक्कम जमवून एकदम भरली.

आता मुख्य अनुभव. एका सकाळी तंत्रज्ञ घरी आला, बॉनेट उघडलं, काडेपेटीहून जरा मोठी काळी डबी बॅटरीजवळ बसवली, दोन वायरी जोडल्या, वीस मिनिटांत गेला. त्यानंतर प्रत्येक फेरी अॅपमध्ये दिसायला लागली. वेग, ब्रेक, पिकअप, वळण, वेळ, अंतर. पहिल्या महिन्याचा स्कोअर १०० पैकी ६१. मला वाटत होतं मी अगदी सांभाळून चालवतो. नकाशा मोठा करून बघितला तर लाल ठिपके जवळजवळ सगळे राउंडअबाउटच्या (गोल चौकाच्या) तोंडाशी. आपल्याकडे चौकात शेवटपर्यंत यायचं आणि मग ब्रेक लावायचा ही सवय. इथे उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, त्यामुळे मी ऐनवेळी गाडी दाबून थांबवत होतो. मग लांबूनच अॅक्सिलरेटर सोडायला लागलो, दुसऱ्या गिअरवर येऊन उजवीकडे बघत हळूहळू पुढे. दोन महिन्यांत ठिपके गेले. मागच्या सीटवरून मुलगा ओरडून सांगायचा, "बाबा, आज सगळं हिरवं!" जानेवारीत स्कोअर ८४ होता.

वेगाची सवयही बदलावी लागली. तीस मैल म्हणजे ताशी ४८ किलोमीटर. इंग्लंडमध्ये रस्त्यावर दिव्यांचे खांब आहेत आणि वेगळी पाटी नाही, तर मर्यादा तीसच धरायची. मोकळ्या रस्त्यावर अडतीस कधी होतात ते कळत नाही, यंत्राला कळतं. यासाठी मी त्या डबीचा खरोखर ऋणी आहे, कारण मार्चमध्ये ड्रायव्हिंग टेस्ट दिली तेव्हा परीक्षकाने नेमकं हेच बघितलं.

रात्रीचं मात्र खटकतं. आई-बाबा भेटून परत निघाले तेव्हा त्यांना पहाटेच्या विमानासाठी मँचेस्टरला सोडायला गेलो. रस्ता रिकामा, वेग मर्यादेत, एकही जोराचा ब्रेक नाही. तरी रात्री अकरा ते पहाटे पाचच्या वेळेत गाडी चालवली म्हणून स्कोअर चारने खाली. रात्रपाळीची नोकरी असेल तर ही पॉलिसी घेऊच नका असं मी स्पष्ट सांगेन.

आणि एक प्रसंग असा झाला की मला चार रात्री झोप नव्हती. मोटरवेवर सत्तरच्या मर्यादेत अडुसष्टने जात होतो. शेजारून तीसच्या मर्यादेचा एक छोटा रस्ता समांतर जातो. यंत्राने मला त्या रस्त्यावर धरलं. तीसच्या ठिकाणी अडुसष्ट! दुसऱ्या दिवशी ईमेल आला: गंभीर वेग उल्लंघन, पुन्हा झाल्यास पॉलिसी रद्द होऊ शकते. कंपनीनेच पॉलिसी रद्द केली, तर पुढे कुठलाही विमा घेताना 'तुमची पॉलिसी कधी रद्द झाली आहे का' या प्रश्नाला हो म्हणावं लागतं आणि दर गगनाला भिडतात. फोनवर 'सिस्टीममध्ये तसंच दिसतंय' एवढंच उत्तर. शेवटी मी त्या फेरीचा नकाशा, आधीच्या आणि नंतरच्या जंक्शनच्या वेळा आणि दोघांमधलं अंतर लिहून लेखी तक्रार केली. त्या वेळात ते अंतर छोट्या रस्त्याने कापणं शक्यच नव्हतं. एकोणीस दिवसांनी नोंद काढून टाकली. ऐकलं नसतं तर फायनान्शियल ऑम्बड्समन सर्व्हिसकडे (विमा-बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी संस्था) जाणार होतो. तिथे तक्रार फुकट करता येते, पण कंपनीला आधी आठ आठवडे द्यावे लागतात. फोनवर वाद घालत बसू नका, पहिल्या दिवसापासून लेखी ठेवा.

लायसन्सबद्दल थोडक्यात. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून बारा महिने चालवता येतं. ते बदलून मिळत नाही, टेस्ट द्यावीच लागते. प्रोव्हिजनल (शिकाऊ लायसन्स) ऑनलाइन ३४ पौंड, थिअरी २३, प्रॅक्टिकल आठवड्याच्या दिवशी ६२. थिअरीत ५० पैकी ४३ बरोबर हवेत. प्रॅक्टिकलची तारीख मिळायलाच कित्येक महिने लागतात, म्हणून आल्या आल्या अर्ज करा. मी पास झाल्यावर कंपनीला कळवलं, प्रीमियम ६४ ने कमी झाला, बदल करण्याची फी ३० कापली, हातात ३४ आले. माझी अपेक्षा जास्त होती. पण नव्या लायसन्सला इथे तुम्ही पुन्हा शून्य वर्षांचे ड्रायव्हर. खरा फायदा पुढच्या रिन्यूअलला दिसतो.

जूनमध्ये सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये एकाने मागे घेताना आमच्या बंपरला घासलं. त्याने चूक कबूल केली, खर्च दिला, क्लेम झाला नाही. तरी पॉलिसीच्या अटीनुसार मी कंपनीला कळवलं, 'फक्त माहितीसाठी' म्हणून. आता नवीन कोट काढताना ते सांगितलं की काही कंपन्यांचा दर तीस-चाळीस पौंडांनी वाढतो. अन्याय वाटतो, मला अजूनही वाटतो. पण लपवू नका. चुकीची माहिती दिली असं पुढे निघालं तर क्लेमच नाकारला जाऊ शकतो. तीच गोष्ट मुलगा चालवत असताना कागदावर वडिलांना मुख्य ड्रायव्हर दाखवण्याची. त्याला इथे फ्रंटिंग म्हणतात आणि ती फसवणूक धरली जाते.

आणखी एक, आणि हे कळकळीने सांगतो. आपल्या माणसांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मला एकाने सहाशे पौंडांत 'नव्या लोकांसाठी खास' पॉलिसी देऊ केली. पैसे वैयक्तिक खात्यात, कागद पीडीएफमध्ये. अशांना घोस्ट ब्रोकर म्हणतात. कागद खोटा असतो, नाहीतर खरी पॉलिसी खोट्या पत्त्यावर काढून नंतर रद्द केलेली असते. पोलिसांचे कॅमेरे नंबर प्लेट वाचून मोटर इन्शुरन्स डेटाबेसशी ताडतात. विमा नाही असं निघालं तर ३०० पौंड दंड, लायसन्सवर दंडाचे ६ पॉइंट आणि गाडी जप्त होऊ शकते. आपण फसवले गेलो हे कारण चालत नाही. नव्याने आलेल्या माणसाची पैशाची ओढाताण असते, तिचाच हे लोक फायदा घेतात. पॉलिसी घेतल्यावर आपली गाडी त्या डेटाबेसवर आहे का ते स्वतः तपासा.

आता रिन्यूअल. याच कंपनीचं पत्र आलंय, बॉक्ससकट ८७०. जानेवारी २०२२ पासून जुन्या ग्राहकाला नव्यापेक्षा जास्त दर लावता येत नाही, पण म्हणून दुसरीकडे स्वस्त मिळणार नाही असं नाही. इथलं लायसन्स, एक वर्षाचा इथला नो क्लेम आणि पार्किंगमधली ती घटना, सगळं खरं टाकून बॉक्स नसलेला कोट ८०५ आला. मी तोच घेतोय.

गेल्या वर्षीच्या परिस्थितीत पुन्हा निवडायचं झालं असतं तर? दिवसा चालवणारा आणि कमी मैल करणारा असेल त्याला मी अजूनही बॉक्स घ्यायलाच सांगेन. ज्याचं पत्र एखादा ब्रोकर धरतोय आणि फरक शंभरच्या आत आहे, त्याने ब्रोकरकडे जावं. मला पाचपैकी साडेतीन द्यावेसे वाटतात. अर्धा गुण त्या एकोणीस दिवसांसाठी कापला, बाकीचा रात्रीच्या नियमासाठी. जुन्या कंपनीकडून नो क्लेमचं पत्र काल ईमेलने मागवलंय, आल्यावर ते नव्या कंपनीला पाठवायचं आहे. डबी काढायला माणूस येणार की ती तशीच बंद करून ठेवणार, ते त्याच ईमेलमध्ये विचारलंय. तुमच्यापैकी कुणाची काढली असेल तर सांगा.