अ‍ॅनापोलिसच्या नेव्हल अकॅडमी म्युझियममधली जुन्या जहाजांची मॉडेलं, आवर्जून बघा

लेकीकडे मेरीलँडला आलोय, तर परवा जावई अ‍ॅनापोलिसला घेऊन गेले. आमच्या ओळखीतले सगळे तिथे कॅम्पस फिरतात, फोटो काढतात, खेकडे खातात आणि घरी, प्रेबल हॉलमध्ये, म्हणजे म्युझियमच्या इमारतीत, कोणी शिरलेलं नाही. मी शिरलो आणि दोन तास बाहेर आलोच नाही.

हेन्री रॉजर्स नावाच्या श्रीमंत माणसाने १९३५ मध्ये मृत्युपत्राने दिलेली १०८ मॉडेलं आहेत इथे, १६५० ते १८५० या काळातल्या जहाजांची. त्यातली ब्रिटिश गोदीची मॉडेलं म्हणजे खरा खजिना, कारण त्यांना खालच्या अंगाला फळ्याच मारलेल्या नाहीत, पठाण (जहाजाचा तळाचा कणा) आणि वांक (त्यावरच्या बरगड्या) सगळे उघडे! मी मूळचा मालवणचा, खाडीच्या कडेला अर्धी बांधलेली होडी बघत मोठा झालो, त्यामुळे मला तर एकदम घरी आल्यासारखं वाटलं. बहुतेकांचं माप पाव इंचाला एक फूट, म्हणजे दीडशे फुटी जहाज साधारण तीन फुटांत, आणि तरी दारं, कोरीवकाम, तोफांच्या खिडक्या, काही म्हणता काही सोडलेलं नाही. काहींच्या काचेच्या पेट्यासुद्धा त्याच काळातल्या आहेत.

एक गैरसमज मात्र जाऊ दे, हे बघून सुतार जहाज बांधायचे असं नाही हं. वांक इतके सारखे अंतर ठेवून लावलेत तो नुसता मॉडेलचा थाट, खऱ्या जहाजाची जुळणी वेगळी असायची आणि काम चालायचं कागदावर काढलेल्या आराखड्यांवर. अमेरिकेत मात्र अर्ध्या जहाजाचं लाकडी मॉडेल करून त्यावरूनच मापं उचलायचे. ते जास्त कामाचं, पण दिसायला काहीच नाही.

फ्रेंच युद्धकैद्यांनी इंग्लंडच्या तुरुंगात जेवणातल्या हाडांपासून केलेली जहाजंपण आहेत, ती चुकवू नका. लेक म्हणाली, बाबा, आता पुरे.

प्रवेश फुकट, पण गेटवर ओळखपत्र लागतं, आपण पासपोर्ट बरोबर ठेवायचा. गाडी बाहेरच लावावी लागते, पार्किंगला मात्र चांगलाच फटका बसला.

भावाला मालवणला फोटो पाठवले तर त्याचा पहिला प्रश्न, "रे, पण ह्येका खिळे खंय मारल्यानी?" झूम करून करून बघितलं, फोटोत दिसत नाहीत. आता रविवारी परत जाणार, भिंग घेऊन.