जुन्या बुलेटचं टायमिंग: कान, कागद, काटा की बल्ब?

हाफ इंजिन (हेड, सिलिंडर, पिस्टनचं काम) करून गाडी बाहेर आली की पॉइंटचं टायमिंग तपासून घ्यावं. पॉइंट म्हणजे उघडताच प्लगला ठिणगी देणारा छोटा स्विच, आणि टायमिंग म्हणजे ती ठिणगी नेमकी कधी पडते ते. कास्ट आयर्न बुलेट ३५० ला ते ठरवायच्या चार रीती आहेत, आणि चारही सारख्या भरवशाच्या नाहीत.

खान्देशात सगळ्यात जास्त चालतो तो कान. मिस्त्री इंजिन चालू ठेवून डिस्ट्रिब्यूटर (पॉइंट बसवलेला डबा) सैल करतो, हळूहळू फिरवतो, आवाज चढला की आवळतो आणि म्हणतो, "आते मस्त चाली राहिनी!" उभ्या गाडीवर चालतेही मस्तच. पण खाली भार नसताना इंजिनाला अॅडव्हान्स, म्हणजे लवकर पडणारी ठिणगी, जास्त मानवतो, त्यामुळे कानावर लावलेलं टायमिंग बहुतेक वेळा पुढे सरकलेलं असतं. मग मे महिन्यात डबलसीट चाळीसगावहून कन्नड घाट चढायला घ्या, हेडमधून खडखड सुरू. किकही उलटी मारते, घोटा सांभाळा.

उरलेल्या तिन्ही रीतींची तयारी एकच. पॉइंटचा गॅप आधी, ०.३५ ते ०.४० मिमी, गॅप हलला की टायमिंगही हलतं, म्हणून हा क्रम उलटा करू नये. प्लग काढून गाडी टॉप गिअरमध्ये टाका आणि मागचं चाक पुढे फिरवत पिस्टन कॉम्प्रेशनवर वर आणा. दोन्ही पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या) बोटाने सहज फिरल्या की स्ट्रोक बरोबर आहे. मग चाक थोडं मागे घेऊन परत पुढे, म्हणजे गिअरमधला ढिलेपणा निघतो. ऑटो-अॅडव्हान्सची (वेग वाढला की ठिणगी आपोआप लवकर पाडणारी) वजनं मिटलेली असताना, पिस्टन अगदी वर पोचायच्या ०.८ मिमी आधी पॉइंट उघडायला हवेत. प्लगच्या भोकातून स्पोक घालून मोजत असाल तर भोक तिरकं आहे, हे लक्षात असू द्या.

आता पिस्टन त्या जागी ठेवून डिस्ट्रिब्यूटर फिरवताना उघडण्याचा क्षण पकडायचा कसा? बिडी-सिगारेटचा पातळ कागद पॉइंटमध्ये धरून हलका ताण द्या, सुटला की उघडले. फुकटचं काम, बॅटरी मेलेली असली तरी चालतं; रस्त्यात अडकलात तर हेच. मात्र कागदाचा तंतू आत राहू देऊ नका.

हेडलाइटच्या वरचा अँपिअर मीटर शाबूत असेल तर चावी चालू, हेडलाइट बंद. पॉइंट मिटलेले असताना काटा मायनसकडे झुकतो, उघडले की मधे येतो. देखणी रीत, पण जुन्या मीटरचे काटे आळशी.

माझं मत बल्बला. इंडिकेटरचा बल्ब (गाडी ६ व्होल्टची असेल तर बल्बही ६ चाच), एक वायर पॉइंटच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. चावी चालू करा. पॉइंट उघडताक्षणी बल्ब पेटतो. यात अंदाज उरतच नाही. घरी एकट्याने, सावलीत बसून होतं. काम संपलं की चावी बंद करायला विसरू नका, कॉइल तापते.

कान मग शेवटी वापरा, चढावर. खडखड आली तर केसभर मागे. पिकअप मेला आणि सायलेन्सर जास्तच तापू लागला, तर केसभर पुढे.

टायमिंग लाइट (ठिणगीच्या तालावर लुकलुकून फिरती खूण दाखवणारा दिवा) या बुलेटसाठी विकत घेऊ नये, बाहेरून दिसेल अशी खूणच नसते. दारात कार्बोरेटरवाली मारुती ८०० ही असेल तर गोष्ट वेगळी. तिथे तीच लाइट सरस.