डॉक्युमेंट स्कॅनर : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सांगलीच्या गणपती पेठेतील आमच्या अडत दुकानात २०१९ च्या महापुरात दप्तराच्या खालच्या दोन फळ्या पाण्यात गेल्या. वाळवून वाचवलेले सुटे कागद आणि नंतरच्या हिशेबपट्ट्या (शेतकऱ्याच्या मालविक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) जपण्यासाठी आठ महिन्यांपूर्वी दोन्ही बाजू एकदम टिपणारा स्कॅनर घेतला. यंत्राबद्दल तक्रार नाही. पहिला महिना वाया गेला तो सेटिंग न समजल्यामुळे.

डीपीआय, म्हणजे एका इंचात टिपले जाणारे ठिपके, जितका जास्त तितके चांगले, या समजुतीने मी सगळे ६०० वर रंगीत टिपत होतो. ए-फोर कागदाची ३०० डीपीआयची रंगीत प्रतिमा कॉम्प्रेस करण्यापूर्वी सुमारे २६ एमबी भरते, ६०० ला ती चौपट होते, आणि एवढे करून आकडे काही अधिक नीट वाचता येत नव्हते.

मग दुसरे टोक गाठले ते ब्लॅक अँड व्हाइटचे. त्यात प्रत्येक ठिपका काळा तरी ठरतो नाहीतर पांढरा, आणि ती सीमा थ्रेशोल्ड ठरवतो. हिशेबपट्टीच्या कार्बन प्रतीवरचे हमाली-तोलाईचे फिकट निळे आकडे त्यात साफ उडाले. ते यावेत म्हणून थ्रेशोल्ड सरकवला, तर पुराच्या पाण्याचा तपकिरी डाग काळाकुट्ट होऊन खालची रक्कम गिळू लागला. कार्बन प्रतींसाठी आता ३०० डीपीआय, ग्रे-स्केल (करड्या रंगाच्या छटांत) आणि किंचित वाढवलेला कॉन्ट्रास्ट ठेवतो. डागाळलेले कागद मात्र रंगीतच, कारण डाग आणि शाई यांतला फरक रंगातच कळतो. त्यांना बॅकग्राउंड काढण्याची सोय लावू नये, जांभळा शिक्का अर्धा पुसला जातो. छापील जीएसटी बिलांना ब्लॅक अँड व्हाइट पुरते.

सर्वांत महागात पडला असता तो लाल रंग गाळण्याचा पर्याय. रोजकीर्दीच्या सुट्या पानांवरच्या लाल रेघा जाव्यात म्हणून तो लावला आणि पाने स्वच्छ दिसल्यामुळे खूशही झालो. वडील चुकलेली रक्कम लाल शाईने खोडत असत, हे चाळीसएक पाने झाल्यावर लक्षात आले: खोडरेघ गायब, रद्द झालेली रक्कम जशीच्या तशी उभी. ती सगळी पाने पुन्हा टिपली.

पानभर उभी बारीक रेघ येऊ लागली, तेव्हाही मी आधी सेटिंगच चाळत बसलो होतो. काचेवर हळदीचा एक कण होता. कागद सरकतो आणि कण जागेवर राहतो, म्हणून ठिपक्याऐवजी रेघ उमटते. आता रोज सकाळी गल्ल्याची पूजा झाली की मऊ फडक्याने काच पुसतो.