लोकेशनचा ठिपका अडकतो तेव्हा: कासारवडवली ते कोपरखैरणे, काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगते. फोनमधलं लोकेशन शेअरिंग बंद पडलं की आमच्या घरात सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो साधा एसएमएस आणि त्याच्या जोडीला मिस्ड कॉल. त्यानंतर नंबर लागतो वेगळ्या कंपनीचं सिम घातलेल्या छोट्या ट्रॅकरचा. हौसेने टाकलेली बाकीची अ‍ॅप्स मी काढून टाकली.

गरज कुणाची, तेही सांगायला हवं. माझे सासरे सत्तरी ओलांडलेले आहेत, इन्सुलिन घेतात. आठवड्यातून एक-दोनदा कासारवडवलीहून बसने ठाणे स्टेशन आणि तिथून ट्रान्स-हार्बर लोकलने कोपरखैरणे, असे माझ्या नणंदेकडे एकटे जातात. जायलाच हवं त्यांना, त्यावरच त्यांचा आठवडा उभा असतो. पण साखर उतरली की त्यांना बोलणं सुचत नाही. अशा वेळी ते कुठे आहेत हे दुसऱ्या कुणाला तरी माहीत असणं फार महत्त्वाचं.

फोनसोबत येणारी सोय एरवी चांगली चालते. बंद पडते तेव्हा मात्र गुपचूप पडते. नकाशा दिसतो, ठिपका दिसतो, फक्त तो तासाभरापूर्वीचा असतो. बाबा नणंदेकडे चहा घेत असायचे आणि ठिपका ठाणे स्टेशनावर. म्हणून ठिपक्याआधी तो शेवटचा कधी अपडेट झाला ते बघायची सवय घरात सगळ्यांनी लावून घेतली. गूगल मॅप्सवर समोरच्याच्या फोनची बॅटरी किती उरली आहे तेही दिसतं. ती आधीच तळाला गेलेली असेल तर ठिपका का थांबला याचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच मिळतं.

सेटिंग एकदा नीट लावून घ्या. अँड्रॉइडवर लोकेशनची परवानगी ‘नेहमी’, त्या अ‍ॅपवरचं बॅटरीचं बंधन काढलेलं आणि फोनमध्ये ऑटोस्टार्टचा, म्हणजे अ‍ॅप आपोआप सुरू होण्याचा, पर्याय असेल तर तो सुरू. अँड्रॉइड ११ पासून आणखी एक गोष्ट आली आहे: जे अ‍ॅप महिनोन्महिने कुणी उघडतच नाही, त्याच्या परवानग्या फोन आपणहून काढून घेतो. वडीलधाऱ्यांच्या फोनवर आपण बसवून दिलेली अ‍ॅप्स नेमकी अशीच असतात.

आता पर्यायांकडे. व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास चालतं, आणि दर वेळी ते ज्याचं त्याने सुरू करावं लागतं. मी ऐरोलीहून रात्री उशिरा कॅबने निघते तेव्हा तेच वापरते, माझी काही तक्रार नाही. पण बाबांच्या बाबतीत ते आधार म्हणून पुरत नाही, कारण तेही त्याच फोनवर, त्याच बॅटरीवर आणि त्याच नेटवर चालतं. नेट गेलं की दोन्ही एकदम जातात. कुठलाही जोडपर्याय निवडताना मी आता एवढंच विचारते: पहिली सोय ज्या कारणाने बंद पडली, त्याच कारणाने ही पण पडेल का? हो असेल तर अशी चार अ‍ॅप्स टाकली तरी आधार एकच राहतो.

एसएमएस इथे टिकतो. जीपीएसला स्वतःला इंटरनेट लागत नाही. फोन उपग्रहांचे सिग्नल ऐकून जागा काढतो, नेटमुळे ती लवकर सापडते एवढंच. आणि एसएमएसला डेटा लागत नाही, त्यामुळे संध्याकाळच्या गर्दीत नेट रेंगाळतं तेव्हाही तो बहुधा जातो. नकाशात आपल्या जागेवर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश दिसतात, तेच आकडे पाठवायचे. दशांशानंतर चार आकडे दिले तरी जागा साधारण ११ मीटरच्या आत येते. हे मी करते, माझा नवरा करतो. बाबांना ते जमणार नाही आणि त्यांच्या मागे लागण्यात अर्थही नाही. त्यांच्यासाठी ठरलेले मिस्ड कॉल: गाडीत बसल्यावर एक, कोपरखैरण्याला उतरल्यावर एक. हे त्यांनी आनंदाने मान्य केलं. फक्त रिचार्ज संपू देऊ नका, तो संपला की एसएमएसही जात नाही आणि कॉलही लागत नाही.

ट्रॅकर घेताना दुकानदाराने आधी २जीवाला हातात ठेवला होता. जिओचं २जी नेटवर्कच नाही, म्हणजे त्यात जिओचं सिम चालणारच नाही. आम्ही बदलून ४जीवाला घेतला आणि फोनमध्ये ज्या कंपनीचं सिम आहे ती सोडून दुसरीचं घातलं. रोज रात्री फोनसोबत तो चार्ज होतो आणि बाबांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असतो. गाडीत असताना जागा थोडी इकडेतिकडे उडते, पण घणसोली की तुर्भे एवढं कळतं, आणि आम्हाला तेवढं पुरतं. बाबांची अट एकच होती: “घरातून निघाल्यापासून पोचेपर्यंतच बघायचं, एरवी नाही.” ती आम्ही पाळतो.

ब्लूटूथचे छोटे टॅग पिशवीसाठी ठीक. जवळून जाणाऱ्या दुसऱ्यांच्या फोनमुळे त्यांचा पत्ता लागतो, त्यामुळे माणसाला शोधायला त्यांच्यावर विसंबू नये. भाचा ट्रेकला जातो, तो उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र बाहेरून मागवूया म्हणत होता. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असं यंत्र बाळगणं बेकायदा आहे, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

खिशातल्या कार्डाबद्दल मात्र आग्रहाने सांगेन. त्यावर आजार, औषध, दोन फोन नंबर, आणि दोन्ही घरांचे पत्ते डिजिपिनसकट लिहिले आहेत. डिजिपिन म्हणजे टपाल खात्याने मे २०२५ मध्ये आणलेला दहा अक्षर-अंकांचा कोड. तो साधारण ४ मीटर बाय ४ मीटरचा चौकोन दाखवतो. रिक्षावाल्याला तो कळेलच असं नाही, म्हणून सेक्टर, प्लॉट आणि जवळची खूणही लिहिली आहे.

शिवाय ११२, म्हणजे आणीबाणीतला मदतीचा नंबर. साध्या फोनवर ५ किंवा ९ चं बटण दाबून धरायचं, स्मार्टफोनवर पॉवर बटण पटापट तीनदा. २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये ही सोय असावी असा नियम आहे. काही फोनमध्ये ती सेटिंगमधून चालू करावी लागते, आधी तपासा.

ठिपका थांबला की आमचा क्रम ठरलेला आहे. आधी बाबांना फोन. उचलला नाही तर ट्रॅकर बघायचा. तोही गप्प असेल तर नणंद कोपरखैरणे स्टेशनवर जाऊन थांबते आणि नवरा ठाण्याकडून निघतो. अर्धा तास काहीच कळलं नाही तर ११२. हा कागद दोन्ही घरांत फ्रिजवर लावलेला आहे, आणि त्यावर नंबर मोठ्या अक्षरांत आहेत.