चुकली होती फक्त तारीख, आणि मी दोनदा पैसे भरले

घरी एक जुना डेस्कटॉप आहे, विंडोज ७ वाला. फोटो, पत्रं, बँकेची स्टेटमेंट सगळं त्यातच, म्हणून बदलायचं टाळत आले. एके सकाळी सुरू केला तर आधी काळ्या स्क्रीनवर काहीतरी एरर आली, एफ१ दाबा म्हणत होती, मी दाबलं आणि पुढे गेले. मग बघते तर एकही साईट उघडेना. वायफाय जोडलेलं, फोनवर सगळं व्यवस्थित, पण कॉम्प्युटरवर जिथे जाईन तिथे तेच, तुमचे कनेक्शन खाजगी नाही. त्यात अँटीव्हायरसचं चिन्ह लाल झालेलं, अपडेट होत नाही म्हणून. दोन्ही एकदमच झाल्यामुळे मला खात्रीच वाटली की व्हायरस शिरलाय आणि त्यानेच अँटीव्हायरस बंद पाडलाय.

फोनवर अँटीव्हायरसचं नाव आणि पुढे कस्टमर केअर नंबर असं टाकून शोधलं आणि सगळ्यात वरचा नंबर लावला. ती जाहिरात होती, कंपनीचा नंबर नव्हता. जाहिरात आहे असं तिथे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं पण त्या घाईत नजर जातच नाही.

आता पुढचं सावकाश वाचा, कारण नेमकी फसवणूक कुठे झाली हे मला स्वतःला तिसऱ्या दिवशी कळलं.

फोनवरचा माणूस अतिशय नम्र. पहिलाच प्रश्न, मॅडम खाली उजव्या कोपऱ्यात तारीख काय दिसते? बघितलं तर १ जानेवारी २००९. म्हणाला त्यावर क्लिक करून आजची तारीख टाका. टाकली, आणि साईट उघडायला लागल्या. माझा बिघाड तिथेच संपला होता! प्रत्येक साईटच्या सुरक्षा सर्टिफिकेटला कधीपासून कधीपर्यंत अशी मुदत असते, कॉम्प्युटरचं घड्याळ मागे गेलं की ब्राउझरला ते सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही असं वाटतं आणि तो साईट अडवतो, अँटीव्हायरसचं अपडेटही त्याचमुळे अडलं होतं. त्या माणसाला हे नक्की माहीत होतं. पण तो म्हणाला, आता नेट तात्पुरतं चालू झालंय तेवढ्यात आत काय झालंय ते तपासून घेऊ, आणि मला रिमोट ॲप, म्हणजे लांबून दुसऱ्याला आपला कॉम्प्युटर चालवू देणारं ॲप, डाऊनलोड करायला लावलं. साईट उघडल्यामुळे माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास बसला होता, स्क्रीनवर आलेला कोड मी लगेच सांगितला.

मग त्याने ईव्हेंट व्ह्यूअर उघडलं, ही विंडोजची स्वतःची नोंदवही. त्यात लाल आणि पिवळ्या खुणांची भलीमोठी यादी. म्हणाला ह्या सगळ्या व्हायरसच्या नोंदी. खरं म्हणजे अशा एरर आणि वॉर्निंग अगदी धडधाकट कॉम्प्युटरवरही शेकड्याने असतात, कुठली सर्व्हिस उशिरा सुरू झाली, कुठलं प्रिंटर सापडलं नाही, असल्या बारीकसारीक गोष्टी. नंतर काळी खिडकी उघडून नेटस्टॅट कमांड दिली, ती चालू असलेली कनेक्शनं दाखवते, तिथे फॉरेन ॲड्रेस असा एक कॉलम दिसतो, तो दाखवून म्हणाला परदेशातले हॅकर आत्ता या क्षणी जोडलेले आहेत. त्या शब्दाचा अर्थ एवढाच की कनेक्शनचं पलीकडचं टोक. आपण उघडलेली प्रत्येक साईट तिथे दिसते, त्याचं स्वतःचं रिमोट ॲपसुद्धा त्याच यादीत असणार. ही दोन नाटकं मी मुद्दाम इतकी सविस्तर लिहितेय कारण ती बघताना खोटं वाटतच नाही, आपल्याच मशीनवर आपल्याच डोळ्यांसमोर दिसत असतं ना.

कार्डाचे डिटेल्स दिले, ओटीपी दिला. त्याने जुन्या अँटीव्हायरसवरच दुसरा अँटीव्हायरस आणि एक क्लीनर टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एफ१, पुन्हा साईट बंद, शिवाय आता कॉम्प्युटर इतका स्लो की माऊससुद्धा अडकत होता. पुन्हा फोन केला. त्याने पुन्हा आधी तारीखच घालायला लावली, मी विचारलं अहो ही तारीख सारखी का बदलतेय, तर म्हणाला हॅकर तारीख बदलतात म्हणजे अँटीव्हायरसला सुगावा लागत नाही, यासाठी नेटवर्क फायरवॉल लागेल. दुसऱ्यांदा पैसे भरले. या उत्तराचा मला आजही सगळ्यात जास्त राग येतो, मी अगदी बरोबर प्रश्न विचारला होता.

तिसऱ्या दिवशी भाचा आला होता. मी एफ१ दाबताना त्याने हात धरला, म्हणाला मावशी थांब, हे वाच आधी. सीमॉस चेकसम एरर, म्हणजे सुरू होताना लागणाऱ्या जपून ठेवलेल्या सेटिंग्ज बिघडल्यात. मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर, सीआर२०३२ नावाची नाण्याएवढी बॅटरी असते, कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ त्यावर चालतं, ती संपली की तारीख थेट मागे जाते. मी रात्री भिंतीवरचा स्विचच बंद करते त्यामुळे रोज सकाळी तेच. आणि तारीख एवढी मागे गेली की विंडोज ७ इंटरनेटवरून वेळ जुळवून घ्यायलाही नकार देतं, हातानेच घालावी लागते.

मग त्याने आधी वायफाय बंद केलं. रिमोट ॲप विंडोजबरोबर आपोआप सुरू होईल असं ठेवलेलं होतं, वर त्याने स्वतःचा पासवर्डही लावून ठेवलेला, म्हणजे तो माणूस मला न विचारता कधीही आत येऊ शकत होता. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले सगळे पासवर्ड गेले असं धरून आम्ही फोनवरून बदलले, सर्वात आधी ईमेलचा कारण बाकी सगळे पासवर्ड रीसेट त्यावरच येतात. बँकेला फोन करून कार्ड ब्लॉक केलं आणि दर वर्षी आपोआप पैसे कापायची परवानगी चालू होती तीही काढली, ही मी दिलीये हे मला माहीतच नव्हतं.

दुसरा अँटीव्हायरस नुसता अनइन्स्टॉल केला तर नेट पुन्हा बंद, कारण त्याचा नेटवर्क फिल्टर, म्हणजे नेटची ये-जा तपासणारा भाग, मागे राहिला होता. तो काढायला त्याच कंपनीचं वेगळं रिमूव्हल टूल लागतं, नंतर त्याच काळ्या खिडकीत नेटश विनसॉक रीसेट (netsh winsock reset) ही कमांड देऊन रीस्टार्ट केल्यावर सुरळीत झालं. तुमच्याकडे अँटीव्हायरस काढल्यावर नेट जात असेल तर आधी हे करून बघा, कुणालाही पैसे देण्याआधी. पण जिथे परका माणूस तासभर फिरून गेलाय ते मशीन भरवशाचं नाही, म्हणून फोटो आणि पत्रं बाहेर काढून फॉरमॅट केलं. विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० पासून सुरक्षा अपडेट नाहीत, वर कितीही चांगला अँटीव्हायरस असला तरी ती उणीव भरून निघत नाही, त्यामुळे बँकेचं काम त्यावर मी कायमचं थांबवलंय.

काही आठवड्यांनी त्यांचाच पुन्हा फोन, कंपनी बंद होतेय, रिफंड द्यायचाय, नेटबँकिंग उघडून ठेवा. यात ते रिमोटवरून ब्राउझरमधल्या पानावरचे आकडे बदलतात, जास्त पैसे जमा झाल्यासारखं दिसतं आणि मग वरचे परत करा म्हणून रडतात. खात्यात काहीही आलेलं नसतं, आपले असतात तेच जातात. भाच्याने हे आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून मी फोन ठेवला.

फॉरमॅट करण्याआधी नवी बॅटरी घालून, तारीख बरोबर करून माझा जुना अँटीव्हायरस एकदा उघडून पाहिला होता. एका मिनिटात अपडेट झाला, चिन्ह हिरवं. मुदत संपायला अजून ७ महिने होते.